पोषण ट्रॅकरवर सॅम मुलं दिसत नाहीत तेव्हा

प्रश्न : माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, 25 अंगणवाड्या आहेत. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर) जवळपास सगळ्या मुलांची वजन-उंची भरलेली दिसते आणि सॅम (तीव्र कुपोषित) मुलं नावालाही नाहीत. रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात मात्र याच गावांतली मुलं दाखल होतात. चूक कुठं शोधायची?
— एक पर्यवेक्षिका

उत्तर : आधी उंचीत शोधा. ट्रॅकरवर सॅम ठरतं ते उंचीच्या मानानं वजन किती, यावरून. 7.4 किलोच्या मुलाची लांबी 75 सेंमी भरली तर तो सॅम, 73 सेंमी भरली तर मॅम (मध्यम कुपोषित). दोन सेंमी कुठं जातात? रडणाऱ्या बाळाचे गुडघे इन्फंटोमीटरवर (बाळाला आडवं ठेवून लांबी मोजायच्या फळीवर) सरळ झालेले नसतात. हे काम एकट्या सेविकेचं नाहीच. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे दाबून पाऊलफळी टेकवायची. दोन वर्षांखालचं मूल आडवं, त्यावरचं उभं मोजायचं. उभी उंची आडव्या लांबीपेक्षा साधारण 0.7 सेंमी कमी भरते, म्हणून हे नियम मोडले की आकडा चुकतो.

मग नोंदी चाळा. उंचीच्या दशांशाचा अंक बघा. 0 आणि 5 मिळून पाचातल्या एका नोंदीत यायला हवेत. निम्म्या नोंदींत तेच असतील तर उंची अंदाजानं लिहिली आहे. लागोपाठ दोन महिने तेच वजन, किंवा मागच्यापेक्षा सेंमीभर कमी झालेली उंची दिसली, तर ती अंगणवाडी यादीत वर घ्या.

तिथं मोजमापाच्याच दिवशी जा. दहा मुलं निवडा, पाच सॅमच्या सीमेजवळची आणि पाच कुठलीही. सेविकेची नोंद न पाहता स्वतः मोजा. उंचीत 7 मिमी, वजनात 100 ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर प्रथम काटा तपासा. रेशन दुकानातलं शिक्क्याचं 5 किलोचं वजन ठेवून बघितलं तरी कळतं.

रुग्णालयातल्या मुलांचं आणखी एक कारण असू शकतं. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंडघेर (दंडाचा घेर) 11.5 सेंमीपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर वजन-उंची ठीक असूनही ते सॅमच. दंडघेर आणि वजन-उंची दर वेळी तीच मुलं पकडत नाहीत. सुजेत तर अंगातलं पाणीच वजन वाढवून दाखवतं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर मूल त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

आणि कृपा करून सॅम सापडले म्हणून सेविकेला खुलासा मागू नका. एकदा मागितला की पुढच्या महिन्यात आकडा खाली येतो आणि मूल उपचाराविना घरीच राहतं. जाब विचारायचाच असेल तर सापडलेलं मूल आठवड्याभरात ग्राम बालविकास केंद्रात (गावातच कुपोषित मुलांवर उपचार होतात तिथं) का दाखल झालं नाही, याचा विचारा.

प्रश्न : ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावं कमी करावीत का?

उत्तर : नाही. नाव काढलं की मोजमापाची टक्केवारी सुधारते आणि मूल दोन्ही गावांच्या यादीतून हरवतं. ट्रॅकरमधल्या स्थलांतराच्या सोयीनं नाव नव्या अंगणवाडीकडे पाठवा आणि तिथल्या सेविकेला फोन करा. दसऱ्याच्या आधी या मुलांचं मोजमाप उरका, आईच्या हाती शेवटचं वजन-उंची आणि दंडघेर लिहिलेलं कार्ड द्या. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा मोजा.