मुलाला ‘ळ’ आणि ‘ल’ सारखेच ऐकू येतात, कान तपासावेत का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा इंदूरचाच, शाळेत आणि मित्रांत दिवसभर हिंदी, आणि ‘वेळ’ नि ‘वेल’ लागोपाठ म्हणून दाखवले तरी ‘आई, दोन्ही एकच तर आहेत’ म्हणतो. मी इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवते आणि दर बॅचमध्ये अशी मुलं असतात. घाबरू नका.

आधी एक करून पाहा. त्याला ‘ताल’ आणि ‘टाल’ म्हणून दाखवा. हे तो लगेच वेगळे सांगेल. म्हणजे जीभ दातांकडे आहे की टाळूकडे वळली आहे, हे त्याच्या कानाला कळतं. फक्त ‘ल’च्या बाबतीत ते पाहायची त्याला सवय नाही, कारण हिंदीत ‘ळ’ हा वेगळा वर्णच नाही. घरी आपण होळकर म्हणतो, बाहेर स्टेडियमपासून कॉलेजपर्यंत सगळीकडे होलकर. त्याच्यासाठी दोन्ही एकाच नावाचे उच्चार.

आता खरी मेख. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतला फरक आपण शेवटच्या अक्षरात शोधतो, पण त्याची मोठी खूण आधीच्या स्वरात असते. ‘वे’ म्हणता म्हणताच जीभ मागे वळायला लागते आणि स्वराचा शेवट बदलतो. स्वराच्या आवाजात कमी-जास्त कंपनसंख्यांच्या काही पट्ट्या जास्त जोरकस असतात. मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून म्हणायच्या, वर्णाकडे जाताना त्यांतली खालून तिसरी पट्टी सहसा खाली झुकते. प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्ही शब्द रेकॉर्ड करून ही पट्टी डोळ्यांनी पाहता येते. मराठीत ‘ळ’ किंवा ‘ण’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, त्याचंही एक कारण मला इथेच दिसतं: आधी स्वर नसेल तर खूण ठेवायची कुठे?

कोणती खूण धरायची आणि कोणती सोडायची, हे मूल फार लवकर ठरवतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतली बाळं तपासली. ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखत होती, १० ते १२ महिन्यांच्या बहुतेकांना ते जमेना. पण म्हणून दार कायमचं बंद होत नाही. जपानी लोकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकायला जड जातात. तिथेही मुख्य खूण ती तिसरी पट्टीच. १९९१ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात जपानी प्रौढांना वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात असे शब्द ऐकवले, प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक सांगितलं, आणि त्यांची ओळख सुधारली.

तुम्हीही तेच करा. सुटा ‘ळ’ घोकून घेऊ नका. काळ-काल, वेळ-वेल, गोळा-गोला अशा जोड्या आजी, मामा, मावशी, सगळ्यांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा आणि रोज थोडा वेळ ओळखायला लावा. उत्तर लगेच सांगा. बोलताना ‘ळ’ चुकला तर पाहुण्यांसमोर टोकू नका, मुलं मग मराठी बोलायचंच टाळतात.

‘ताल’ आणि ‘टाल’मध्येही तो अडखळला, किंवा मागून हळू हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र श्रवणचाचणी जरूर करून घ्या.