कडा स्वच्छ, तरी दुसरी गाठ कशी?

प्रश्न : माझ्या वडिलांनी अनेक वर्षे तंबाखू खाल्ली. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या जिभेच्या कडेवरील कर्करोगाची गाठ काढली, तेव्हा कापलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त असल्याचा अहवाल होता. आता दुसऱ्या बाजूच्या गालाच्या आत गाठ आली असून ती जुनी नव्हे, नवीनच आहे, असे डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रियेत काही राहून गेले असेल का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून तसे वाटत नाही. ‘कडा रोगमुक्त’ याचा अर्थ तेथे कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, एवढाच असतो. तेथील प्रत्येक पेशी निरोगी आहे, असा नव्हे. तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये लाळेत मिसळून तोंडाच्या साऱ्या अस्तरावर वर्षानुवर्षे पसरत राहतात आणि त्यामुळे ठिकठिकाणच्या पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड साचत जातो. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा नष्ट करणारे पी५३ हे जनुकच एखाद्या पेशीत निकामी झाले, तर तिची संतती शेजारच्या निरोगी पेशींना बाजूला सारत वाढते. असा पट्टा काही सेंटिमीटरपर्यंत पसरला तरी डोळ्यांना अस्तर अगदी नेहमीसारखे दिसू शकते. अशा पट्ट्यातील एखाद्या पेशीत आणखी बिघाड झाले की गाठ तयार होते, आणि तोंडात असे पट्टे एकाहून अधिक असू शकतात.

डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली तोंडाच्या कर्करोगाच्या 783 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे 11 टक्के रुग्णांत एकापेक्षा अधिक स्वतंत्र गाठी आढळल्या होत्या आणि गाठींभोवतीचे अस्तरही बदललेले होते. श्वासनलिका आणि मूत्राशय यांच्या अस्तरातही असेच घडते. अस्तराखालच्या ऊतीलाही यातून वगळता येत नाही, कारण तेथील दीर्घकाळच्या दाहामुळे बिघडलेल्या पेशींच्या वाढीला पोषक परिस्थिती मिळते.

मात्र बदललेल्या प्रत्येक पट्ट्याचा कर्करोग होतोच असे नाही, हे मी मुद्दाम सांगतो. वाढत्या वयात निरोगी माणसांच्या अन्ननलिकेतही जनुकबदल झालेल्या पेशींचे मोठे पट्टे सापडतात.

वडिलांची तंबाखू अजून सुटली नसेल, तर ती आताही सोडवावी, कारण त्यामुळे पुढील गाठीचा धोका कमी होतो. घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. तोंडात पांढरा किंवा, त्याहून अधिक काळजीचा, लाल चट्टा दिसला, अथवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये.