आयर्विन पुलाचा फोटो बिलाच्या कागदावर

प्रश्न : दादा, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पांच्या दुकानात ५८ मिमीचा थर्मल प्रिंटर आहे बिलाचा, त्याच्यावर मी काढलेला आयर्विन पुलाचा फोटो छापायचाय. प्रत्येक पिक्सेलची (फोटोतल्या ठिपक्याची) उजळता ० म्हणजे काळं ते २५५ म्हणजे पांढरं अशी धरून १२८ च्या वर पांढरं आणि खाली काळं असं केलं तर कृष्णेचं पाणी नुसतं काळंकुट्ट येतंय, खांबपण त्यातच गेले. मग पायथनमध्ये रँडम डिदरिंग, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी करड्या छटा भासवायची युक्ती, करून बघितलं तर दर वेळी वेगळंच, एकदा जवळजवळ सगळं काळं, पुढच्या वेळी पांढरंफेक. कुठं चुकतंय?

उत्तर : रँडम आकडा काढायची ओळ तू लूपच्या (एकेका पिक्सेलसाठी परत परत चालणाऱ्या कोडच्या) बाहेर ठेवलीयस, लक्षणं तीच सांगतायत. आकडा एकदाच निघतो आणि अख्ख्या फोटोला तोच लागतो, म्हणजे ते डिदरिंग झालंच नाही, १२८ च्या जागी कधी २०, कधी २३० आलं एवढंच. ती ओळ आतल्या लूपमध्ये घे, प्रत्येक पिक्सेलला नवा आकडा मिळू दे, पिक्सेल त्या आकड्यापेक्षा मोठा असला तर पांढरा नाहीतर काळा.

आता पाण्याचं बघ. समज तिथं पिक्सेलची किंमत ६४ आहे. ० ते २५४ मधला कुठलाही आकडा निघू शकतो, त्यामुळं तो पिक्सेल पांढरा व्हायची शक्यता पाव. एकटा पिक्सेल काळा किंवा पांढराच राहणार, पण शंभरात पंचवीसेक पांढरे आले की लांबून डोळ्याला गडद करडं पाणी दिसतं, आणि मला हे दर वेळी बघायला आवडतं. रँडिंटमध्ये (पायथनचं रँडम पूर्णांक देणारं फंक्शन) वरची हद्द २५४ च ठेव, २५५ नको, कारण रँडिंट शेवटचा आकडापण धरतो, मग २५५ ची किंमत असलेल्या स्वच्छ आकाशातपण मधेच काळे ठिपके पडतात.

दाणेदारपणा मात्र येणारच. शंभराच्या एका तुकड्यात २० पांढरे, शेजारच्यात ३०, असं होतं आणि तेच डोळ्याला खरखरीत लागतं. चित्रात आधी नॉईज (रँडम चढउतार) मिसळून मग बिट, म्हणजे छटांची संख्या, कमी करायची युक्ती लॉरेन्स रॉबर्ट्सनी १९६२ साली मांडली, म्हणजे कल्पना जुनी आहे, पण बिलाच्या कागदावर मी फ्लॉइड-स्टाइनबर्ग ही डिदरिंगची दुसरी पद्धतच वापरीन. त्यात रँडम काही नाही, पिक्सेल काळा-पांढरा करताना जी चूक राहते ती शेजाऱ्यांना वाटून देतात, उजवीकडं ७/१६, खालच्या ओळीत ३/१६, ५/१६ आणि १/१६. खांबांच्या कडा त्यात जास्त नीट राहतात. आधी रँडम नीट चालव, मग हे लिही.

अजून एक, फोटो आधी ३८४ पिक्सेल रुंद कर, असल्या प्रिंटरला साधारण तेवढेच ठिपके असतात, आणि मगच डिदरिंग कर. नंतर लहान केलास तर ठिपके मिसळून परत करडे होतात. सेव्ह पीएनजीमध्येच कर, जेपीजीमध्ये ठिपक्यांच्या कडेला घाण येते. थर्मल कागदावर काळा ठिपका जरा पसरतो, तेव्हा डिदरिंगच्या आधी फोटो थोडा उजळ करून घे.