घरातलं वाण्याचं दुकान आणि साडेदोन डॉलरचे शेंगदाणे

परवा एकीने विचारलं, थंडी सुरू झाली, मुलं दुकान-दुकान खेळू म्हणतात, तर काय काय विकत आणावं? अगं काही आणू नकोस! तो बीप-बीप करणारा खेळण्यातला गल्ला तर अजिबात नको, बेरीज तोच करतो, मग मुलांनी काय करायचं.

आमच्याकडे न्यू जर्सीत पॅन्ट्रीच्या दारात स्टूल आडवं टाकलं की झालं दुकान. शेंगदाणे, बेदाणे, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या, किचनमधला वजनकाटा, बिस्किटांच्या डब्याचा गल्ला. (शाळेतली मित्रमंडळी येणार असतील तर शेंगदाणे आधी आत ठेवा, ॲलर्जीचं विचारून घ्या.) पैसे मात्र खरे द्या, आणि शक्यतो क्वार्टर्सच द्या, कारण क्वार्टर म्हणजे पाव डॉलर, आपले चार आणेच की! भारतात पंचवीस पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं, तिथल्या पोरांना चार आणे बघायलाही मिळत नाहीत आणि इथे आपल्या कपहोल्डरमध्ये ढिगाने पडलेत. पाच क्वार्टर सव्वा, सहा दीड, सात पावणेदोन, हे पाठ करून घ्यावं लागत नाही, मोजता मोजता येतं.

माझा सहा वर्षांचा शेठ पहिल्या दिवशी म्हणाला, शेंगदाणे साडेदोन डॉलर. साडेतीन असतं, साडेचार असतं, मग साडेदोनने काय घोडं मारलंय? मी चूक काढली नाही, "अडीच ना शेठ? हे घ्या," म्हणून दहा क्वार्टर एकेक करून स्टूलवर ठेवले. तीन-चार शनिवारांत अडीच आलं, साडेएक मात्र अजून मधूनच उगवतं. एकोणसाठ-एकोणसत्तरचा गोंधळ तर आपल्याकडे मोठ्यांचाही होतो. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक म्हटलं तर केवढा गदारोळ झाला होता, आमची पोरं आधीपासून तसंच म्हणतायत. दुकानात दोन्ही चालू द्या, खेळाची शिकवणी झाली की मुलं शटर ओढतात.

आणि एक गोष्ट माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. आपल्या घरात सगळेच अरे-तुरे, त्यामुळे इथल्या मुलांच्या तोंडी "तुम्ही" येणार कुठून? गिऱ्हाइकाला मात्र तू म्हणून कसं चालेल! म्हणून शनिवारी सकाळी नऊला आजीला फोन लावतो, थंडीत तिकडे संध्याकाळचे साडेसात असतात, तिची देवापुढची दिवाबत्ती झालेली असते. आजी एकदम तयारीचं गिऱ्हाईक. "अहो शेठ, दाणे खवट नाहीत ना? अडीचला नाही हो परवडत, दोनला द्या." पोरगं गडबडलं, ताईकडे बघितलं, मग म्हणालं, "तुम्ही सव्वादोन द्या मावशी, गूळ फ्री." स्वतःच्या आजीला मावशी! ती इतकी हसली की फोन हातातून पडला.

माल फुकट देऊ नका बरं का. मी पाच डॉलरचा माल पंधरा दिवसांच्या बोलीवर दिला होता, वही दहा वर्षांच्या लेकीकडे. हिशोबाच्या दिवशी गल्ल्यात निघाले पावणेचार आणि बेदाण्याची बरणी रिकामी, शेठच खात बसले होते. लेक रडकुंडीला आली, मला वाटलं गुपचूप सव्वा डॉलर टाकून द्यावा, पण नाही टाकला. मग तिनेच भावाला पगार म्हणून रोज पाच बेदाणे ठरवून दिले, वर मोजून.

दुकान बाहेर अंगणात न्यायचं असेल तर आधी गावचे नियम बघा, टेक्सासने २०१९ मध्ये मुलांच्या लेमोनेड स्टँडला परमिटमधून सूट दिली, पण सगळीकडे तसं नाही.

आमच्या दुकानात सध्या एकच वाद चालू आहे. बाबा येता-जाता मूठभर दाणे उचलतो आणि "लिहून ठेव गं" म्हणतो, तेव्हा या आठवड्यात पॅन्ट्रीच्या दारावर कागद लागलाय, "उधार बंद (फक्त बाबा)".