'द लास्ट ऑफ अस': आधी गेम की आधी मालिका?

प्रश्न असा आहे: "गेम खेळलेला नाही. प्लेस्टेशन नाही, पण गेमिंग लॅपटॉप आहे. थेट एचबीओची मालिका बघितली तर काही बिघडतं का? दोन्हींत नेमका फरक काय?"

बिघडत काही नाही. पण पंधरा-सोळा तास काढता येणार असतील तर आधी पहिला गेम संपवा आणि मग पहिला सीझन लावा. मालिका आधी पाहिलीत तर गेममधले धक्के बोथट होतात. गेम आधी खेळलात तर मालिकेचं काहीच कमी होत नाही, उलट कुठे काय बदललंय ते बघण्यात मजा येते.

गोष्ट थोडक्यात अशी: बुरशीच्या साथीने माणसं हिंस्र होतात, जग कोसळतं, आणि वीस वर्षांनी जोएल नावाचा माणूस एली या मुलीला घेऊन अमेरिका पार करतो. गेममध्ये जोएल म्हणजे तुम्ही. तिथे मोलोटोव्ह (फेकायची पेटती बाटली) बनवायला अल्कोहोल आणि चिंध्या लागतात. मलमपट्टीचं किट बनवायलाही तेच, अल्कोहोल आणि चिंध्या. समोर तीन क्लिकर (बुरशीने आंधळी झालेली हिंस्र माणसं), जोएल अर्धमेला आणि सामान एकाच गोष्टीपुरतं. जाळायचं की जखम बांधायची? शिवाय सामान जोडताना किंवा पट्टी बांधताना खेळ थांबत नाही, तेवढ्यात मागून कोणी आलं तर संपलंच. असे हिशेब करत तुम्ही एलीला बॉस्टनहून सॉल्ट लेक सिटीपर्यंत नेता. शेवटी हॉस्पिटलमध्ये एक बटण दाबल्याशिवाय गोष्ट पुढेच सरकत नाही, आणि ते दाबताना बोट अडखळतं. कथा फोडत नाही, पण ते अडखळणं टीव्हीवर मिळणार नाही. मालिकेने तिथे शहाणपणा केलाय: गोळ्यांचे आवाज दाबून संगीत वर आणलंय, आणि आपण हतबल होऊन बघत राहतो.

बदल का केले, हे क्रेग मेझिन आणि नील ड्रकमन या जोडीकडे बघून कळतं. ड्रकमन मूळ गेमचे लेखक, मेझिन 'चेर्नोबिल'चे. गेममधला कॅमेरा बहुतेक वेळ जोएलच्या खांद्यामागे असतो. त्यामुळे जोएल जिथे नाही तिथलं काही दाखवता येत नाही. वाटेत भेटणाऱ्या बिलचा जोडीदार फ्रँक गेममध्ये भेटतो तो मेलेलाच, सोबत एक कडवट चिठ्ठी. मालिकेला खांद्याचं बंधन नाही, म्हणून तिसरा भाग जवळजवळ अख्खा या दोघांच्या संसाराला दिलाय. निक ऑफरमन आणि मरे बार्टलेट यांनी तो असा काही उभा केलाय की माझ्या मते मालिकेने गेमवर मात केली ती या एकाच भागात.

दुसरा मोठा बदल जोएलमध्ये आहे. गेममध्ये तो मार खाऊन पट्टी गुंडाळतो आणि पुन्हा उभा राहतो, कारण तसं नसेल तर खेळणार काय? पेद्रो पास्कलचा जोएल एका कानाने कमी ऐकतो, धास्तीने त्याची छाती आवळते. मारामारी कमी, म्हणून जी आहे ती जास्त लागते. वाटेत भेटणारा सॅम गेममध्ये तेराएक वर्षांचा, बोलका मुलगा आहे. मालिकेत तो आठ वर्षांचा आणि बहिरा आहे, आणि ते प्रसंग पिट्सबर्गहून कॅन्सस सिटीत हलवलेत. साथही 2013 ऐवजी 2003 मध्ये येते, म्हणजे मालिकेचा 'आज' 2023 ठरतो.

गेममध्ये बुरशीचे बीजाणू हवेत असतात आणि पात्रं मास्क लावतात. पहिल्या सीझनमध्ये बीजाणू काढून तंतू आणले, कारण बीजाणू असतील तर सगळ्यांनी सदासर्वकाळ मास्क लावूनच वावरायला हवं, आणि मग चेहरे दिसणार कसे! दुसऱ्या सीझनमध्ये मात्र बीजाणू परत आलेत. (बुरशी खरी आहे, बरं का. उत्तराखंडात विकली जाणारी कीडाजडी तिच्याच गोतावळ्यातली. ती अळ्यांवर वाढते. माणसांचं सगळं काल्पनिक.)

आता लॅपटॉपचं. घ्यायचा तो 'पार्ट वन', म्हणजे 2022 चा रीमेक, जो मार्च 2023 मध्ये पीसीवर आला. एसएसडीवर 100 जीबी जागा मोकळी ठेवा, रॅम 16 जीबी हवीच. पहिल्यांदा उघडल्यावर मेनूमध्ये 'बिल्डिंग शेडर्स' (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम तयार होणं) आणि टक्केवारी दिसेल. लोक इथेच चुकतात. शंभर टक्के होईपर्यंत 'न्यू गेम' दाबू नका. मध्येच सुरू केलंत तर शेडर बनवण्याचं काम आणि खेळ दोन्ही प्रोसेसरवर पडतात आणि चित्र अडखळतं. चार्जर लावून ठेवा, पंखा बोंबलेल, बोंबलू द्या. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये व्हीरॅमची (ग्राफिक्स कार्डच्या मेमरीची) पट्टी असते. ती भरून वाहत असेल तर आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणा, रिझोल्यूशनला नंतर हात लावा. सुरुवातीला पीसी आवृत्तीचे फार हाल होते, पॅचनंतर सुधारली. म्हणून अपडेट टाकल्याशिवाय खेळू नका.

जमलं तर कंट्रोलर घ्या. क्लिकरला दिसत नाही, पण ऐकू येतं. स्टिक अगदी हलकी ढकलून वाकून चालावं लागतं, आणि हे कीबोर्डवर तितकं साधत नाही. वीट किंवा बाटली नेहमी हातात ठेवा, एक शिव (घरगुती सुरी) दारांसाठी राखून ठेवा. बंद खोल्यांत घबाड असतं. गेमची सवय नसेल तर 'लाइट' पातळी निवडा, त्यात कमीपणा नाही. 'लेफ्ट बिहाइंड' हा छोटा भाग मुख्य मेनूत वेगळा मिळतो. तो मुख्य कथा संपल्यावरच खेळा. मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये तोच सातवा भाग आहे.

आळीपाळीने, एक अध्याय आणि एक भाग, असं करू नका. मालिका काही गोष्टी आधी सांगून टाकते. भारतात मालिका जिओहॉटस्टारवर आहे. पहिला सीझन नऊ भागांचा, दुसरा सातच.

दुसऱ्या सीझनआधी मात्र 'पार्ट टू', म्हणजे पुढचा गेम, खेळाच. एप्रिल 2025 पासून तोही पीसीवर आहे, वेळ पंचवीसेक तास धरा. त्या गेममध्ये एका पात्राच्या वागण्यामागचं कारण कितीतरी तास दडवून ठेवलंय आणि तोवर तुम्ही त्याचा मनापासून द्वेष करत राहता. मालिकेने ते कारण दुसऱ्याच भागात उघड केलंय, आणि सीझन संपतो तेव्हा 'पार्ट टू'ची गोष्ट अर्धीच झालेली असते.