पियानोची पहिली ग्रेड: सुरुवातीला एवढं सांभाळा

ताई, मुलीला पियानोच्या पहिल्या ग्रेडच्या परीक्षेला बसवू का, असं विचारलंत. जरूर बसवा, फक्त फॉर्म भरायची घाई नको. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत क्लासमधली मुलं एकाच ठिकाणी अडकतात, म्हणून ते आधी सांगते.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकलला (वाजवून दाखवायच्या परीक्षेला) 150 गुण असतात आणि 100 ला पास. तीन पीसेसना (तयार करून आणलेल्या रचनांना) प्रत्येकी 30, म्हणजे 90. उरलेले 60 स्केल्स (सूर क्रमाने वाजवणं), साइट-रीडिंग (न पाहिलेली स्वरलिपी तिथेच वाचून वाजवणं) आणि ऑरल (ऐकून उत्तरं देणं) यांचे. बहुतेक जण वर्षभर ते तीन पीसेसच घोटतात आणि हे 60 शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात. ते तेवढ्यात होत नाहीत.

म्हणून रोज:

- सुरुवात स्केल्सने. हळू, पण न अडखळता.
- कधीही न पाहिलेल्या दोन ओळी वाजवायच्या. परीक्षेत आधी अर्धा मिनिट मिळतो. त्यात ताल बघायचा, शार्प-फ्लॅट (सूर अर्ध्याने चढवायच्या-उतरवायच्या खुणा) हेरायचे, अवघड जागा वाजवून घ्यायची. एकदा सुरू केलं की मागे वळायचं नाही. चुकलेला सूर दुरुस्त करायला मुलं हमखास थांबतात आणि लयच मोडते.

घरी हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर 88 वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो बघा, सेकंडहँडही चालेल. बोटांत जोर त्यावरच येतो.

थिअरीची धास्ती आत्ता नको. पाचव्या ग्रेडची थिअरी (लेखी परीक्षा) सहाव्या ग्रेडच्या आधी लागते, त्याला अवकाश आहे. तिन्ही पीसेस घरच्यांसमोर न थांबता वाजवून झाले, की मगच फॉर्म भरा.