घटक बदलल्यावर तक्रारी फारशा आल्या नाहीत, म्हणजे ग्राहकांना तो पसंत पडला असं समजावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रेस्टॉरंटमधलं चीज बदलून स्वस्त ब्रँडचं घेतलं, तीन महिन्यांत तक्रारी अगदी मोजक्या आल्या, मग ग्राहक खूश आहेत असं धरून बाकीच्या शाखांतही हाच बदल करावा का? एवढ्यावरून करू नका. बदल फसलाय असंही यातून सिद्ध होत नाही. किती जणांना इतका राग आला की ते मुद्दाम थांबून बोलले, एवढंच तक्रारींच्या आकड्यावरून कळतं.

ताटात केस निघाला, पदार्थ थंड आला, बिल चुकलं की माणूस बोलतो, कारण चूक समोर दाखवता येते. ‘चव पूर्वीसारखी नाही’ यात दाखवण्यासारखं काही नसतं. ग्राहकाची स्वतःचीच खात्री नसते. आज आपल्याच तोंडाला चव नसेल, आचारी नवा असेल, असं म्हणून तो विषय सोडून देतो आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. घटक बदलल्याचा परिणाम नेमका असाच असतो, बोट ठेवता न येणारा. त्यामुळे तक्रारींचा आकडा इतर चुकांपेक्षा इथे जास्त फसवतो.

समजण्यासाठी काही आकडे धरू. महिन्याला १००० ताटं जातात, त्यांतल्या ४० जणांना नवी चव आवडली नाही आणि अशा २० जणांतला एक बोलतो. म्हणजे तक्रारी २. इतर कारणांच्या सरासरी २ आधीपासून येतच होत्या, त्यामुळे एकूण ४ झाल्या. आता गंमत पाहा: सरासरी २ असली की निव्वळ योगायोगाने ४ किंवा जास्त तक्रारी साधारण सात महिन्यांतून एकदा येतातच. वही पाहून काहीच कळणार नाही, आणि तिकडे ४० जण नाराज होऊन गेलेले असतील.

शिवाय तक्रार वहीपर्यंत पोहोचेलच असं नाही. वेटर ताट गुपचूप बदलून देतो, काउंटरवर बिलातून रक्कम वजा होते आणि प्रकरण तिथेच मिटतं. म्हणून आधी बिलिंग सॉफ्टवेअरमधून बदलून दिलेली ताटं, रद्द केलेले पदार्थ आणि ‘चीज कमी घाला’ यासारख्या ऑर्डरवरच्या सूचना काढा. बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवा. टेबलावर जाऊन ‘जेवण कसं होतं?’ विचारू नका, उत्तर ‘छान’ असंच येणार. ‘पुढच्या वेळी हाच पदार्थ मागवाल का?’ असं विचारलं तर क्षणभर थांबून दिलेलं उत्तर मिळतं.

ज्या थोड्या तक्रारी आल्या, त्या मात्र शब्दशः वाचा. ‘खारट लागलं’ असेल तर दोष चीजचा नसून न बदललेल्या रेसिपीचा असण्याची शक्यता मोठी. दोन्ही पाकिटांवरचं १०० ग्रॅममागे मिठाचं प्रमाण पाहा. फक्त सोडियम दिलं असेल तर त्याला २.५ ने गुणा. समजा जुन्यात १.२ ग्रॅम आणि नव्यात १.८ ग्रॅम मीठ आहे, तर ८० ग्रॅम चीज घातलेल्या ताटात जवळपास अर्धा ग्रॅम मीठ जास्त जातंय. तेवढं सॉसमधून कमी करा. ‘वर तेल आलं’ असेल तर नवं चीज त्या तापमानाला स्निग्धांश सोडतंय. आच किंवा वेळ कमी करून पाहा. ‘रबरासारखं झालं’ ही तक्रार बहुधा पदार्थ निवल्यावरची असते. स्वयंपाकघरात चव भट्टीतून काढल्याकाढल्या घेतली जाते, त्यामुळे तिथे कुणालाच ती जाणवत नाही. सारख्या वजनाचं दोन्ही चीज सारख्याच बेसवर भाजा आणि लगेच, १० मिनिटांनी आणि बंद डब्यात ३० मिनिटं ठेवल्यावर असं तीनदा खाऊन पाहा. घरपोच मागवणारा ग्राहक तुमचं चीज त्या तिसऱ्या अवस्थेतच खातो.

यानंतरचं मोजमाप मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: पुन्हा मागवणाऱ्यांचं प्रमाण. बदलाच्या आधीच्या ६० दिवसांत चीजचे पदार्थ मागवलेल्या नोंदणीकृत ग्राहकांची यादी काढा आणि पुढच्या ६० दिवसांत त्यांतल्या किती जणांनी तोच पदार्थ पुन्हा मागवला ते पाहा. घट झाली का हे कळायला हाच हिशेब बदलाच्या आधीच्या काळाचाही काढा. असाच हिशेब बिनचीजच्या पदार्थांचा करा. दोन्हींत सारखीच घट असेल तर कारण हंगाम किंवा भाववाढ असू शकतं. फक्त चीजच्या पदार्थांत घट असेल तर संशय चीजवर. जे ग्राहक येतात पण आपला नेहमीचा पदार्थ सोडून दुसरा मागवतात, त्यांची वेगळी मोजणी करा. पुरतं तुटण्याआधीची ही खूण असते आणि तक्रारींत ती कधीच दिसत नाही. महिन्यातून एकदा येणारा ग्राहक तुटला हे कळायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या विक्रीवरून निष्कर्ष काढू नका.

इथे संख्येची अडचण येते, ती आधीच सांगतो. पुन्हा मागवणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून २४ वर आलं तर ते भरवशाने पकडायला बदलाआधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही गटांत प्रत्येकी साधारण ८५० ग्राहक लागतात. ३० वरून २७ वर आलेलं पकडायला प्रत्येकी सुमारे ३५००. एकाच लहान शाखेत एवढी माणसं मिळणार नाहीत. तिथे ताटातल्या उरलेल्या अन्नाचं वजन उपयोगी पडतं: चीजच्या पदार्थांचं उष्टं वेगळ्या डब्यात काढा, रात्री तोला आणि विकलेल्या ताटांच्या संख्येने भागा. जुन्या चीजचे दोन आठवडे, नव्याचे दोन, पुन्हा जुन्याचे दोन असं केलं तर फरक खरा की योगायोग याचा अंदाज येतो.

फरक जिभेला कळतो का हे तपासायला त्रिकोणी चाचणी आहे. प्रत्येकाला तीन नमुने द्यायचे, दोन एकाच चीजचे आणि एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगायचं. नमुने मांडण्याचे क्रम सहा होतात, म्हणून २४ जण घ्या. प्रत्येक क्रम चौघांच्या वाट्याला येतो. केवळ अंदाजाने ८ जण बरोबर येतील. १३ किंवा जास्त जणांनी ओळखलं तर फरक जाणवतो असं धरा. १३ पेक्षा कमी आले म्हणून दोन्ही चीज सारखीच आहेत असं मात्र होत नाही, आणि फरक ओळखणं म्हणजे नावडणंही नव्हे. एका घासाची पसंती आणि अख्ख्या ताटाची पसंती यांतही अंतर असतं. कोका-कोलाने एप्रिल १९८५ मध्ये नवी चव आणली तेव्हा चव-चाचण्यांत ती सरस ठरली होती, तरी जुलैमध्ये जुनी परत आणावी लागली. तिथे बदल जाहीर केलेला होता, त्यामुळे राग कशावर काढायचा हे लोकांना माहीत होतं. तुमच्या ग्राहकाला काही बदललंय हेच सांगितलेलं नाही, मग तो तक्रार तरी कशाची करणार?

एका बाबतीत ग्राहकांच्या मौनावर अजिबात विसंबू नका: ॲलर्जी. नव्या चीजमध्ये सोया किंवा आधी नसलेला दुसरा घटक असेल तर मेनू आणि कर्मचाऱ्यांकडची ॲलर्जीची यादी पहिल्याच दिवशी बदलायला हवी. पाकीट दुधाच्या चीजचं नसून वनस्पती तेलापासून केलेल्या पर्यायाचं असेल, तर मेनूवर त्याला ‘चीज’ म्हणायची परवानगी तुमच्याकडच्या नियमांत आहे का तेही पाहा.

शाखांबद्दल म्हणाल तर निम्म्या शाखांत नवं आणि निम्म्यांत जुनं चीज १२ आठवडे चालवा. किती घट झाली की मागे फिरायचं तो आकडा सुरुवातीलाच लिहून ठेवा. आकडे हातात आल्यावर ठरवायला बसलं की वाचलेल्या पैशांकडे मन झुकतं. आणि जुन्या ब्रँडची खरेदी पूर्ण बंद करू नका, दर महिन्याला एक लहान पाकीट आणत राहा. पुढे पुन्हा ब्रँड बदलायची वेळ आली तर तुलना आजच्या चीजशी न करता त्या मूळ चीजशी करा, कारण लागोपाठ तीन बदलांतला एकेक फरक कुणालाच कळत नसला तरी पहिलं आणि चौथं शेजारी ठेवलं की तो कुणालाही कळतो.